नळीतला मगज

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. भाषणानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे शेवटी दिली आहेत.)



जेवणाआधीची वेळ मला मिळाली आहे आणि मागच्या दारातून मसालेभाताचा वास येतो आहे. म्हणजे माझी परीक्षाच आहे. तरी कार्यकारिणीचे आभार. त्यांनी विषय दिला होता, 'मानवी शरीरातील विशेष पेशी आणि ऊती'. हे वाचून तुमच्यापैकी निम्म्या लोकांना दहावीचं पुस्तक आठवलं असेल आणि उरलेल्यांनी येताना बसायला शेवटची रांग धरली असेल. आपल्या शरीरात पेशींचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. चाळीस मिनिटांत सगळ्यांची ओळख करून द्यायची म्हणजे लग्नात नवरीला वऱ्हाडाची ओळख करून देण्यासारखं होईल, एकही नाव लक्षात राहणार नाही. म्हणून मी एकच ऊती निवडली आहे: रक्त, आणि ते जिथे तयार होतं तो हाडातला मगज. आपल्यातले मांसाहारी लोक तो चांगला ओळखतात. मटणाच्या रश्श्यातली नळी ताटावर आपटून जो बाहेर काढतात, तोच. शाकाहारी मंडळींनी माफ करावं. पण तुमच्याही हाडांत तो आहेच!

आधी एक शब्द स्पष्ट करते. ऊती म्हणजे एका कामाला लागलेल्या पेशींचा समूह. शाळेत चार प्रकार शिकलो होतो: अभिस्तर ऊती, म्हणजे त्वचा आणि आतड्याचं अस्तर, स्नायू ऊती, चेता ऊती, आणि संयोजी ऊती. रक्त या चौथ्या प्रकारात मोडतं. आश्चर्य वाटेल, पण हाड, चरबी आणि रक्त ही एकाच घराण्यातली भावंडं. फरक एवढाच की हाडातल्या पेशी कॅल्शियमच्या भिंतीत चिणलेल्या असतात, आणि रक्तातल्या पेशी प्लाझ्मा नावाच्या पातळ द्रवात तरंगतात.

आणखी एक गोष्ट. डोक्यापासून पायापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचं तेच पुस्तक असतं. यकृताची पेशी त्यातली काही पानं उघडते, डोळ्याची पेशी दुसरी. एकदा एका कामात तरबेज झाली की पेशी बाकीची पानं मिटून टाकते. तज्ज्ञ होण्याची किंमत म्हणजे बाकीची कामं सोडणं. आपल्याकडे डॉक्टर झालेल्या मुलाला घरातला फ्यूज बदलता येत नाही, तसंच!

ही किंमत सर्वांत जास्त कोणी मोजली असेल तर रक्तातल्या लाल पेशीने. तिने काही पानं मिटली एवढंच नाही, सगळं पुस्तकच फेकून दिलं.

लाल पेशी: अंगठ्याने दाबलेला पेढा

पेढा दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबला तर जसा दिसेल, तसा लाल पेशीचा आकार असतो. रुंदी सात ते आठ मायक्रोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सव्वाशेहून जास्त पेशी शेजारीशेजारी मावतील. या आकारामुळे दोन फायदे होतात. आत शिरणाऱ्या ऑक्सिजनला फार खोल जावं लागत नाही, आणि पेशी हवी तशी वाकते. आपल्या सर्वांत बारीक केशवाहिन्या तिच्या रुंदीपेक्षाही अरुंद असतात. गर्दीच्या लोकलमध्ये माणूस जसा आडवा होऊन शिरतो, तशी ती घडी होऊन पुढे सरकते.

आत काय असतं? केंद्रक नाही, म्हणजे डीएनए नाही. ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया नाहीत. जागा रिकामी करून ती हिमोग्लोबिनने गच्च भरली आहे. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. लोहाच्या एका अणूला ऑक्सिजनचा एक रेणू धरता येतो. म्हणजे एक पेशी शंभर कोटींहून जास्त ऑक्सिजनचे रेणू उचलते. गंमत अशी की त्यातला एकही ती स्वतः वापरत नाही. मायटोकॉन्ड्रियाच नाहीत, तर वापरणार कशी? ऑक्सिजनशिवाय साखर मोडून ती आपलं पोट भरते. सोन्याची पेटी पोचवणारा अंगडिया जसा पेटीला हात लावत नाही, तसा हा प्रामाणिक कारभार.

पण पुस्तकच नाही म्हटल्यावर दुरुस्तीही करता येत नाही. झिजलं ते झिजलं. म्हणून लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. म्हाताऱ्या पेशी ताठर होतात. पांथरीमध्ये, म्हणजे प्लीहेत, अतिशय अरुंद फटी असतात. तिथून प्रत्येक पेशीला वाकून बाहेर पडावं लागतं. जिला जमत नाही तिला तिथल्या भक्षक पेशी गिळतात. यकृतातही हेच काम चालतं. आणि मग भंगारवाल्यासारखी वर्गवारी होते. लोह काढून परत मगजाकडे पाठवलं जातं, उरलेल्या रंगद्रव्याचं पिवळं बिलिरुबिन होतं. कावीळ झाल्यावर डोळे पिवळे दिसतात, ते या पिवळ्या रंगामुळे.

या पुनर्वापराचा हिशेब पाहण्यासारखा आहे. नवं रक्त बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं अन्नातून फक्त एक ते दोन मिलिग्रॅम घेतलं जातं. बाकी सगळं जुन्या पेशींतून परत मिळवलेलं. आपल्या आज्यांचा संसार असाच चालायचा. मात्र रक्त शरीराबाहेर गेलं की हा हिशेब कोलमडतो. म्हणून मासिक पाळीत फार रक्त जाणाऱ्या बाईला लोह कमी पडतं. आणि म्हणून साठीच्या पुरुषाचं लोह अचानक कमी दिसलं, तर नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही, पोटात किंवा आतड्यात कुठे रक्तस्राव होतो आहे का ते शोधावं लागतं.

कारखाना

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. त्यातल्या जवळजवळ २५ लाख कोटी लाल पेशीच आहेत. दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या तयार होतात. मी एवढी दोन-तीन वाक्यं बोलले तोवर प्रत्येकाच्या हाडात कोटभर पेशी तयार झाल्या. पाच मिनिटं डुलकी लागली असेल तरीही झाल्या.

हा कारखाना गर्भात आधी मुख्यतः यकृतात असतो. जन्माच्या सुमारास तो हाडांत स्थलांतरित होतो. लहान मुलाच्या बहुतेक सगळ्या हाडांत लाल मगज असतो. मोठेपणी हातापायांच्या लांब हाडांतला बराचसा मगज पिवळा होतो, म्हणजे चरबीने भरतो, आणि उत्पादन कंबरेचं हाड, मणके, छातीचं हाड, बरगड्या, कवटी अशा ठिकाणी चालू राहतं.

मगज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिथे नुसती गर्दी नाही, व्यवस्था दिसते. मध्यभागी एक मोठी भक्षक पेशी आणि तिच्याभोवती वाढणाऱ्या लाल पेशींची पिल्लं, आजीभोवती नातवंडं बसावी तशी. वाढ पूर्ण होताना पिल्लू आपलं केंद्रक बाहेर टाकतं आणि ही आजी ते गिळून जागा साफ करते. जवळच प्रचंड आकाराच्या पेशी असतात. त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून आपले हात आत घालतात आणि त्या हातांचे तुकडे पडून प्लेटलेट्स तयार होतात. दिवाळीत सोऱ्यातून शेव पाडतो, अगदी तसं. एका मोठ्या पेशीतून हजाराच्या वर प्लेटलेट्स. त्या आठ-दहा दिवस जगतात. जखमेवर पहिलं ठिगळ त्यांचं. जंतूंवर धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस काढतात. उलट काही लिम्फोसाइट्स लहानपणी झालेल्या गोवराची आठवण म्हातारपणापर्यंत ठेवतात.

या सगळ्या वेगवेगळ्या कारागिरांची आई एकच. तिला मूलपेशी म्हणतात, इंग्रजीतली स्टेम सेल. ती स्वतःसारखी दुसरी पेशी बनवू शकते आणि रक्तातल्या कुठल्याही पेशीला जन्म देऊ शकते. १९६१ साली टोरांटोमध्ये टिल आणि मॅकलक या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून अशा पेशी असल्याचा पुरावा दिला. तिने पुस्तकाची पानं मिटलेली नाहीत. ती तज्ज्ञ झाली नाही, म्हणूनच सगळ्यांना तज्ज्ञ करू शकते.

उत्पादन किती करायचं ते मूत्रपिंड ठरवतं. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि मगज वेग वाढवतो. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात रक्त कमी होतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

रिपोर्टमधला एक आकडा

आता जरा घरगुती बोलू. वर्षाच्या तपासणीत रक्ताचा रिपोर्ट येतो. आपण हिमोग्लोबिन बघतो आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकतो. त्याच्याखाली 'एमसीव्ही' नावाचा आकडा असतो, तोही बघत जा. लाल पेशी सरासरी किती मोठी आहे ते तो सांगतो. साधारण ८० ते १०० हा नेहमीचा आकार.

पेशी मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फोलेट कमी आहे का ते पाहतात. ही दोन्ही जीवनसत्त्वं डीएनए बनवायला लागतात. मगजात दिवसरात्र पेशी विभागत असतात, त्यामुळे तुटवडा तिथे लवकर दिसतो. पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. बी-१२ जवळजवळ प्राणिज अन्नातूनच मिळतं, म्हणून आपल्या शाकाहारी घरांत ते कमी असणं फार आढळतं. ते फार काळ कमी राहिलं तर नसांवर परिणाम होतो, पायांना मुंग्या येतात.

फोलेटची गोष्ट तर आपल्या मुंबईची आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. गरोदरपणात बायकांच्या पेशी मोठ्या होऊन रक्त धोकादायक इतकं कमी का होतं, याचा शोध तिला घ्यायचा होता. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांमध्ये हे फार दिसत होतं. त्या काय खातात, कशा राहतात ते तिने पाहिलं. शेवटी यीस्टचा अर्क, ज्याला बाजारात मार्माइट म्हणतात, दिल्यावर या बायका बऱ्या होतात असं तिने १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड नाव मिळालं. आज अमेरिकेत पिठात फोलिक ॲसिड घालतात, १९९८ पासून ते सक्तीचं आहे. पावाचा तुकडा तोडताना परळ-लालबागच्या त्या बायकांची आठवण ठेवायला हरकत नाही.

पेशी लहान असतील तर बहुतेक वेळा लोह कमी असतं. पण आपल्या लोकांत आणखी एक शक्यता असते: थॅलेसेमियाचं वाहक असणं. यात हिमोग्लोबिनची एक साखळी कमी बनते, पेशी लहान राहतात, पण माणूस ठणठणीत असतो. भारतात साधारण तीन ते चार टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत, काही समाजांत त्याहून बरेच जास्त. इथल्या डॉक्टरांना लहान पेशी दिसल्या की ते लोहाच्या गोळ्या लिहून देतात आणि वर्षानुवर्षं आकडा हलत नाही. अशा वेळी फेरिटिन आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस या दोन तपासण्या मागा.

वाहक असणं हा आजार नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. त्या मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. विदर्भात, नंदुरबारकडे आणि गडचिरोलीत सिकलसेलची हीच कथा आहे. तिथे हिमोग्लोबिनच्या साखळीतलं फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्याने पेशी विळ्यासारखी वाकते आणि वीसेक दिवसांतच मरते. तेव्हा मुलांची लग्नं ठरवताना आपण पत्रिका बघतो, घर बघतो, व्हिसासुद्धा बघतो. एक रक्ताचा रिपोर्ट बघायला काय हरकत आहे?

मुंबईच्या नावाचा रक्तगट

रक्तगटांचा शोध व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली प्रसिद्ध केला. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या खुंट्या असतात. या मूळ खुंटीला 'एच' म्हणतात. तिच्यावर एक टोपी घातली की 'ए' गट, दुसरी घातली की 'बी', दोन्ही प्रकारच्या असल्या की 'एबी'. नुसती खुंटी असली की 'ओ'.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्याच प्रकाराची नोंद केली. या माणसांच्या पेशींवर खुंटीच नव्हती. जगभर त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. शहराचं नाव बदललं तरी गटाचं बदललं नाही! भारतात अंदाजे दहा हजारांत एक माणूस असा सापडतो. युरोपात तो अतिशय दुर्मीळ आहे.

यात धोका असा की साध्या तपासणीत हा माणूस 'ओ' गटाचा दिसतो. पण त्याला 'ओ' रक्त चालत नाही, कारण त्याच्या शरीराला ती खुंटीच परकी वाटते. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. रक्त देण्यापूर्वी क्रॉसमॅच करतात तेव्हा ही गोष्ट उघड होते. घरात कोणाला 'तुमचं रक्त जुळवायला त्रास होतो' असं कधी सांगितलं असेल, तर तो कागद जपून ठेवा, आणि सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. त्यांच्यात हाच गट असण्याची शक्यता बरीच असते.

कारखानाच बदलायचा तर

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं त्या मुद्द्यावर येते. रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया मेजर, अशा काही आजारांत कारखानाच बिघडलेला असतो. तो पूर्ण बंद करून नवा उभारावा लागतो. डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५० च्या दशकापासून यावर काम केलं आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हटलं की लोकांना मोठं ऑपरेशन डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात रुग्णाच्या बाजूने ते सलाइन लावण्यासारखं दिसतं. दात्याच्या मूलपेशींची पिशवी टांगतात आणि त्या शिरेतून आत जातात. पुढचा चमत्कार त्या स्वतः करतात. रक्तातून फिरत त्या आपल्या आपण हाडातला मगज शोधून तिथे घर करतात. काही आठवड्यांत नवं रक्त बनू लागतं. दात्याचा गट वेगळा असेल तर रुग्णाचा रक्तगटसुद्धा हळूहळू बदलतो!

अडचण आहे ती जुळण्याची. इथे ए-बी-ओ गटापेक्षा एचएलए नावाच्या खुणा महत्त्वाच्या. आपल्या पेशी 'ही आपली, ती परकी' हे त्यांवरून ओळखतात. त्या जुळल्या नाहीत तर नव्या मगजातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करतात. या खुणा निम्म्या आईकडून, निम्म्या वडिलांकडून येतात. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडं असली तरी निदान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्केच. आणि आपल्या मुलांना भावंडं असतात किती? एक, नाहीतर शून्य.

मग परक्या माणसांत शोधावं लागतं. १९७४ साली लंडनमध्ये शर्ली नोलन या आईने आपल्या अँथनी नावाच्या मुलासाठी दात्यांची नोंदवही सुरू केली. अँथनीला जुळणारा दाता मिळाला नाही. १९७९ साली तो गेला. पण ती नोंदवही आजही चालू आहे. अमेरिकेत नॅशनल मॅरो डोनर प्रोग्रॅम १९८७ पासून काम करतो. भारतात चेन्नईची 'दात्री' २००९ साली सुरू झाली.

या नोंदवह्यांत कोट्यवधी नावं आहेत. तरी २०१४ साली अमेरिकेतल्या नोंदवहीचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा आणि प्रत्यक्ष उपलब्ध असणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के होती. दक्षिण आशियाई रुग्णासाठी ती सुमारे ३३ टक्के. यामागे दोन कारणं. पहिलं, आपल्या खुणांमध्ये विविधता फार आहे. आपल्या समाजांत शतकानुशतकं आपापल्या जातीत, आपापल्या भागात लग्नं होत आली, त्यामुळे गटागटांचे संच वेगळे झाले. एखाद्या मराठी मुलाला जुळणारा दाता मिळालाच, तर तो बहुधा आपल्याच मुलखातला असणार. दुसरं कारण सोपं आहे. आपण नावं नोंदवलेली नाहीत.

आणि एक तिसरी गोष्ट आहे, ती जरा कडू आहे, पण आपल्याच घरात बोलायची आहे. नाव नोंदवलेल्याला काही वर्षांनी फोन येतो की तुमची जुळणी झाली आहे. मुलगा तयार असतो. घरी सांगतो. आई म्हणते, "अरे, अजून लग्न व्हायचंय तुझं." वडील म्हणतात, "ओळख ना देख, कशाला नसती जोखीम?" आणि मुलगा नाही म्हणतो. नाही म्हणण्याचा हक्क त्याला शेवटपर्यंत आहे, त्यावर कोणी जबरदस्ती करत नाही. पण पलीकडे एका घरात 'दाता सापडला' म्हणून पेढे वाटून झालेले असतात. आणि रुग्णाला औषधं देऊन त्याचा जुना मगज नष्ट करायला सुरुवात झाल्यावर दात्याने माघार घेतली, तर त्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून माझं सांगणं असं: नोंदणीच्या आधी घरात बोला. सगळे प्रश्न तेव्हाच विचारा. भीती वाटत असेल तर नोंदवू नका. पण नोंदवलं तर शब्द पाळा.

करायचं काय असतं? नोंदणीला फक्त गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात. डॉक्टर साधारण १८ ते ३५ वयाचे दाते पसंत करतात. पुढे जुळणी झालीच, तर हल्ली बहुतेक वेळा रक्तातूनच मूलपेशी घेतात. त्याआधी चार-पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, त्यामुळे मूलपेशी मगजातून रक्तात उतरतात. त्या दिवसांत अंग दुखतं, हाडं ठणकतात, डोकं दुखतं. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूलपेशी गाळल्या जातात, बाकीचं रक्त परत येतं. काही तासांचं काम. कधी कधी भूल देऊन कंबरेच्या हाडातून मगज घेतात, त्यात कंबर काही दिवस ते काही आठवडे दुखते. मोठा त्रास होणं विरळा. दिलेला मगज काही आठवड्यांत भरून निघतो. दर सेकंदाला वीस लाखांचा कारखाना आहे, विसरू नका.

हल्ली निम्म्या जुळणीवरही, म्हणजे आई-वडील किंवा मुलं दाते असतानाही, ट्रान्सप्लांट करता येतं. २०२३ च्या अखेरीस सिकलसेलसाठी आणि २०२४ च्या सुरुवातीला बीटा थॅलेसेमियासाठी, रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशींत जनुकीय दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही फार मोठी प्रगती आहे. पण तो उपचार अतिशय महाग आहे, मोजक्या ठिकाणी मिळतो, आणि रक्ताच्या कर्करोगाला तो लागू नाही. त्यामुळे दात्यांची गरज संपलेली नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*मगज पाठीच्या कण्यातून काढतात ना? लकवा झाला तर?*

हा प्रश्न आला ते बरं झालं. आपल्या भाषेत अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू या दोन्ही शब्दांत 'मज्जा' आहे, त्यामुळे हा घोटाळा होतो. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी चेतापेशींची दोरी. अस्थिमज्जा म्हणजे हाडातला मगज. दोघांचा संबंध नाही. दात्याच्या कंबरेच्या मागच्या हाडात सुई घालतात, मज्जारज्जूच्या जवळपासही जात नाहीत.

*बीट खाल्ल्याने रक्त वाढतं का?*

बिटाचा लाल रंग वेगळा, हिमोग्लोबिनचा वेगळा. बिटात फोलेट चांगलं असतं, लोह बेताचंच. जेवणात लिंबू पिळलं तर भाजी-डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. लोखंडी कढईत आमटी उकळणारी आजी शहाणी होती. चिंच-आमसुलामुळे कढईचं थोडं लोह अन्नात उतरतं.

*माझी तीन महिन्यांची साखर, ए-वन-सी, बोट टोचून केलेल्या तपासणीशी जुळत नाही. असं का?*

ए-वन-सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी १२० दिवस जगते, म्हणून ती दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. पेशी लवकर मरत असतील, तर आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर खोटा जास्त येऊ शकतो. दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा आणि लाल पेशींचा रिपोर्टही जोडा.

*आम्ही सत्तरीचे. आम्ही काय करायचं?*

मगज देण्याचं वय गेलं, पण शब्दाचं वजन गेलेलं नाही. नातू फोन आल्यावर विचारायला येईल, तेव्हा "जा बाळा, मी येते सोबत" एवढं म्हणा.

बाहेरच्या टेबलावर गालातले नमुने घेण्याची सोय केली आहे, आणि माहितीची पत्रकंही ठेवली आहेत. आज घाईने नाव द्यायची गरज नाही. पत्रक घरी न्या, मुलांबरोबर बसून वाचा, शंका असतील तर मला फोन करा. आता जेवायला चला, भात निवतो आहे.